आवाज हाय न्हवं?

फुटेज गेलं असं सांगितलं की समोरचा पहिल्यांदा म्हणतो, अरे मग परत शूट करा की. वाईट हेतूने नाही म्हणत कुणी, त्याला खरंच वाटत असतं की सिनेमा म्हणजे टेक वन, टेक टू, नाही जमलं तर टेक थ्री. फिक्शन असेल तर होतही असेल तसं, नट परत येतात, तेच कपडे घालतात, तेच वाक्य परत म्हणतात. पण आमची होती कॉलेजची डॉक्युमेंटरी, गुऱ्हाळावरची, आणि जे गेलं ते सीझनचं शेवटचं आधण होतं, म्हणजे रस उकळून गूळ करायचा शेवटचा घाणा. ऊस संपला होता, चुलवाण, म्हणजे तिथली मोठी चूल, विझलं होतं, गुळव्या मामा आपली पिशवी उचलून पन्हाळ्याच्या बाजूला गावी निघून गेले होते. परत शूट म्हणजे डायरेक्ट दिवाळीच्या आसपास, आणि सबमिशन मे महिन्यात.

आता इतक्या दिवसांनी हे लिहायला बसले कारण एका ज्युनिअरचा रात्री मेसेज आला, ताई कार्ड उघडत नाहीये, सगळं त्यातच आहे, काय करू. तिला फोन करून जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निम्मं तर सांगायचंच राहिलं, आणि राहिलेलं निम्मं कार्डाबद्दल नव्हतंच.

आधी गुऱ्हाळाचं सांगते, नाहीतर काय गेलं ते कळणार नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा अधिकृत दर्जा, मिळाला, पण गुऱ्हाळं मात्र एकेक करून बंद होतायत, कामाला माणूस मिळत नाही, कारखान्याला ऊस घातला की शेतकऱ्याची डोकेदुखी कमी, वर गुळात साखर मिसळणारे भाव पाडतात ते वेगळंच. आम्ही निवडलं होतं ते गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, पंचगंगेपासून जवळ. चरकातून रस निघतो, तो काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडतो, खाली वाळलेल्या चिपाडांचा जाळ. उकळी फुटायला लागली की भेंडीचं चिकट पाणी घालतात, मग मळी वर येते ती काढत राहायची, आणि मग पुढचे दोनेक तास सगळा कारभार गुळव्याच्या हातात. गुळव्या म्हणजे पाक ओळखणारा माणूस. पुस्तकात लिहिलेलं असतं की ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पाक गुळाला तयार होतो, आमच्या मामांनी थर्मामीटर हातात धरलेला मी कधी पाहिला नाही. ते एका भांड्यात गार पाणी घेऊन बसायचे. काहिलीतला थोडा पाक त्या पाण्यात सोडायचे, पाण्यातच बोटांनी गोळा करून त्याची गोळी वळायचे आणि ती गोळी पत्र्यावर आपटायचे. सुरुवातीला ती नुसती फद्दकन चिकटते. नंतर कधीतरी ती वाजते. कशी वाजली की पाक झाला, हे त्यांनाच माहीत, आणि ती वाजली की थोड्या वेळाने ते ओरडतात, उतरा! मग साखळी, काहील कलते, पाक गार व्हायच्या वाफ्यात. मिनिट दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की गूळ एकतर बसत नाही नाहीतर करपट लागतो, म्हणजे शेतकऱ्याचं त्या आधणाचं नुकसान, आणि ती सगळी जबाबदारी एका माणसाच्या कानावर.

आमची आख्खी फिल्म या एका गोष्टीवर उभी होती. गोळी, पत्रा, मामांचा चेहरा, उतरा.

दुपारी शूट सुरू केलं ते पहाटेपर्यंत. दुपारचं सगळं, उसाच्या मोळ्या, चरक, रसाची धार, पोरं रस प्यायला येतात ते, आणि मग अंधार पडल्यावर शेवटचं आधण. कॅमेरा भाड्याचा होता, कार्ड त्याच्याबरोबरच आलेलं, मोठं, १२८ जीबीचं, त्यामुळे रात्रभर कार्ड बदलायची गरज नाही म्हणून सगळे खूष. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. साऊंडवाल्या मैत्रिणीने मामांच्या बंडीला छोटा माईक लावला होता आणि दुसरा माईक चुलवाणापासून जरा लांब स्टँडवर. मी एडिटर, त्यामुळे शूटवर माझं काम फक्त लॉग लिहायचं, कुठल्या वेळेला काय झालं. कॅमेऱ्यावाला मध्येमध्ये लिस्ट बघत होता, सगळ्या क्लिप नीट दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर कॉपी केलं. कॉपीसुद्धा झाली, एरर आली नाही. दुपारच्या क्लिप उघडल्या, सुंदर. संध्याकाळची एक अर्धी चालली आणि हिरवी पट्टी होऊन अडकली. त्यानंतरची एकही उघडेना. नाव आहे, तारीख आहे, साइज चार-चार जीबी दिसतेय, आणि प्लेअर म्हणतोय ही फाइल चालवता येत नाही.

पहिले दोन दिवस आम्हाला आशा होती, आणि ती काही वेडी आशा नव्हती. फुटेज जायचे बरेच प्रकार असतात आणि त्यातले बहुतेक परत मिळण्यासारखे असतात, हे मी तेव्हा शिकले. क्लिप डिलीट झाली तर कार्डावरून लगेच पुसली जात नाही, फक्त यादीतून तिचं नाव जातं, वरून दुसरं काही लिहिलं नाही तर फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअरसुद्धा ती शोधून काढू शकतं. साधा फॉरमॅट मारला तरी बऱ्याचदा तसंच. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली तर चित्र कार्डावर असतं, पण फाइलची अनुक्रमणिका, जी बहुतेक कॅमेरे स्टॉप दाबल्यावर शेवटी लिहितात, ती लिहायची राहून जाते, म्हणून फाइल उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची दुसरी चांगली क्लिप दाखवून ती अनुक्रमणिका परत बनवून देणारी सॉफ्टवेअर आहेत. म्हणूनच त्या ज्युनिअरला पहिलं सांगितलं की आधी ते कार्ड कॅमेऱ्यातून काढ, बाजूची लॉकची खुट्टी खाली कर, आणि त्यावर आता काहीही लिहू नको, लॅपटॉप फॉरमॅट करू का विचारेल, नाही म्हण, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलंस तरी सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर सेव्ह कर, त्याच कार्डावर नको.

आम्ही हे सगळं केलं. काहीच हाती लागेना तेव्हा राजारामपुरीतल्या एका रिपेअरवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी कार्डाला काही न करता आधी त्यातली एक फाइल अशा एका प्रोग्रॅममध्ये उघडली ज्यात फाइलचे कच्चे आकडे दिसतात. दुपारच्या क्लिपमध्ये आकडे आणि अक्षरांची नुसती गर्दी. मग रात्रीची क्लिप. स्क्रीनभर शून्य. दादा माऊसचं चाक फिरवत होते आणि खाली खाली नुसती शून्यं सरकत होती, जोड्याजोड्यांनी, कुठे एक वेगळा आकडा नाही.

ते म्हणाले, हे कार्ड नकली आहे.

नकली म्हणजे चालत नाही असं नव्हे. आत चिप असते बत्तीस जीबीची, आणि कार्डाच्या कंट्रोलरला शिकवलेलं असतं की विचारलं कुणी तर १२८ सांग. कॅमेरा विचारतो, ते १२८ सांगतं. बत्तीसपर्यंत सगळं खरं लिहिलं जातं. त्यानंतर कॅमेरा देत राहतो, कार्ड हो हो म्हणत राहतं आणि काहीच कुठे ठेवत नाही. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते आणि ती जागा खरी असते, म्हणून नावं दिसतात, साइज दिसते, कॅमेऱ्यावाल्याला लिस्ट बरोबर दिसत होती ती म्हणूनच. दादांनी सरळ सांगितलं, ताई, पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं, हे लिहिलंच गेलेलं नाही.

मला या वाक्याचा जास्त त्रास झाला. हरवलं म्हटलं की कुठेतरी आहे असं वाटत राहतं. इथे ती रात्र लेन्समधून आली, सेन्सरवर पडली, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर आम्ही सगळ्यांनी ती बघितली, आणि तिथेच संपली. मी सहा जणांमध्ये सगळ्यात कमी रडले असेन, पण रात्री लॉगची वही उघडून बसायचे. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, गोळी, चांगला क्लोज, मामा हसतात. ज्या शॉटपुढे मी दोन चांदण्या काढल्या होत्या तो शॉट आता फक्त त्या दोन चांदण्या.

कॅमेऱ्यावाला कॉलेजला यायचा बंद झाला. त्याचा काडीचा दोष नव्हता, आम्ही सगळे त्याला हेच सांगत होतो, पण ज्याच्या डोळ्याला ते व्ह्यूफाइंडर लावलेलं होतं त्याला ते कसं पटणार. याबद्दल माझं मत एकदम पक्कं आहे, की अशा वेळी टीमने पहिल्या दिवशी कोण कुठे उभं होतं याचा हिशोब काढायला बसू नये. तो हिशोब नंतर, थंड डोक्याने. आधी माणूस घरी जाऊन गाठावा. आम्ही गेलो, त्याच्या आईने जेवायला वाढलं, फुटेजचा विषय कुणी काढला नाही, दुसऱ्या दिवशी तो आला.

मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, कागलकडे एक गुऱ्हाळ अजून चालू आहे, तिथे जाऊन रात्रीचं शूट करा आणि टाका यात, गुऱ्हाळासारखं गुऱ्हाळ, कुणाला कळतंय. खरं आहे, परीक्षकांना कळलं नसतं. पण ते हात मामांचे नसते. त्या फिल्ममध्ये आम्ही सांगत होतो की हा एक माणूस, याचा कान, याची चाळीस वर्षं, आणि मग ऐन वेळेला दुसऱ्याच कुणाचा तरी हात दाखवायचा? दुसरा सल्ला, मामांना गावाहून बोलवा, काहिलीत पाणी उकळा आणि गोळी केल्यासारखं करायला लावा. हा तर मला पहिल्यापेक्षा वाईट वाटला. ज्या माणसाने आयुष्यभर खोटा पाक उतरवला नाही त्याला कॅमेऱ्यापुढे पाण्याची गोळी वळायला लावायची. नाही. डॉक्युमेंटरीत परत घडवून दाखवलेले प्रसंग असतात, चांगले असू शकतात, मी त्याच्या विरोधात नाही, पण ते परत घडवलंय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि करणाऱ्यालाही त्यात काही अर्थ वाटला पाहिजे.

या सगळ्या गडबडीत एक काम कुणीच करेना, मामांना कळवायचं. रात्रभर त्यांनी आम्हाला सहन केलं होतं, लाईट डोळ्यावर येतोय म्हणाले नव्हते, बंडीत वायर टोचत असताना काम केलं होतं. शेवटी मी फोन लावला. सांगितलं की मामा, रात्रीचं चित्र सगळं गेलं, कार्ड नकली निघालं, तुमचं काहीच राहिलं नाही आमच्याकडे. पलीकडे म्हशी ओरडत होत्या. मामांनी विचारलं,

"आवाज हाय न्हवं?"

म्हटलं आवाज आहे मामा, आवाज वेगळ्या मशीनवर होता, तो पूर्ण आहे.

"मग बघायचं काय हुतं त्यात? वाफंत मला तरी कुठं दिसतंय पोरी. मी ऐकूनच उतरतोय की."

त्या दिवशी संध्याकाळी हेडफोन लावून मी ती रात्र सुरुवातीपासून ऐकायला घेतली. एडिटर असल्यामुळे मी आवाज नेहमी चित्राला जोडायची गोष्ट म्हणून ऐकलेला, टाळीचा टिक शोधायचा, चित्रातली टाळी शोधायची, जुळवायचं, पुढे. इथे जुळवायला काहीच नव्हतं. आधी चिपाडं पेटतात, कोरडी, तडतड. रसाची उकळी सुरुवातीला मोठ्याने खळखळते, पातळ आवाज, त्यात सगळे एकमेकांशी ओरडून बोलतात. मग हळूहळू तो आवाज जड होत जातो, बुडबुडा फुटायला वेळ घेतो, खळखळचं फदफद होतं, आणि माणसं आपोआप कमी बोलायला लागतात. मामांचा माईक छातीजवळ असल्यामुळे त्यांचा श्वास येतो, मध्येच जाळ घालणाऱ्याला "वड, वड, जाळ वड" म्हणजे जाळ कमी कर. गोळी पहिल्यांदा आपटते, ओला आवाज. परत. परत. मग एकदा टक्. अगदी छोटा, पण त्या आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळा, माझ्यासारखीला सुद्धा कळला. शूटच्या रात्री मी तिथे हजर होते आणि मला हा फरक ऐकू आला नव्हता, कारण मी लॉगमध्ये शॉटचं नाव लिहीत होते.

फिल्म मग अशी झाली. दुपारचं जे खरं चित्र होतं ते तसंच ठेवलं. अंधार पडतो तिथे चित्र थांबतं आणि एका साध्या पाटीवर लिहिलं की यापुढचं चित्रण नष्ट झालं आहे, आवाज त्याच रात्रीचा आहे. काळा पडदा किती वेळ चालेल यावर आमची भरपूर भांडणं झाली, पूर्ण काळं ठेवलं की लोकांना प्रोजेक्टर बिघडलाय वाटतं, हे आम्ही वर्गात लावून बघितलं. मग कॅमेऱ्यावालाच म्हणाला की मी तिथे परत जातो. बंद गुऱ्हाळात, लॉगमधल्या माझ्या नोंदींवरून, जिथे जिथे त्या रात्री कॅमेरा होता तिथे तिथे त्याने तो परत लावला आणि दिवसाउजेडी रिकामी जागा शूट केली. गार काहील, तिच्या काठाला वाळलेली मळी, राखेनं भरलेलं चुलवाण, मामांची बसायची जागा, पत्रा. ती चित्रं आणि त्यावर ती रात्र. सगळ्यांनी फोनवर काढलेले तुकडेही गोळा केले, व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून खराब झालेले, त्यातला एकच ठेवला, ज्यात वाफेतून मामांचा फक्त खांदा दिसतो.

कोल्हापुरात राहून फुटेज गेल्याचं दुःख आपल्यालाच पहिल्यांदा झालं असं वाटून घेता येत नाही. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापुढून आम्ही रोज जायचो, तो मूकपटांच्या काळातले कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या आठवणीचा. त्यांचा 'सावकारी पाश' १९२५ चा, शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते ती गोष्ट, तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकरी. त्या मूकपटाची प्रिंट आज नाही. बाबूरावांनी १९३६ साली तोच विषय बोलपट म्हणून परत केला, आणि त्या बोलपटातला एक शॉट निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांनी नंतर आठवून लिहिलाय, लांबून घेतलेली अंधारी उदास झोपडी, आणि तिच्यावर फक्त कुत्र्याच्या रडण्याचा आवाज. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत इथलाच जयप्रभा स्टुडिओ जळाला, 'मीठभाकर' हा सिनेमा त्यात गेला, भालजी पेंढारकरांनी स्टुडिओ उभा केला आणि तो सिनेमा परत काढला. आणि पुण्यात तर २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा, म्हणजे लगेच पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचा, साठाच आगीत गेला, म्हणजे जपायचं म्हणून ठेवलेलंच गेलं. यातून मला धीर वगैरे आला असं नाही, पण भालजींचं मात्र फार वाटलं. परत शूट करा की, हे वाक्य त्यांनाही कुणीतरी म्हटलंच असणार, आणि त्यांनी ते खरोखर केलं.

आमच्या स्क्रीनिंगनंतर खूप जण येऊन म्हणाले, बघा, जे होतं ते चांगल्यासाठीच, फुटेज गेलं म्हणून तर फिल्म वेगळी झाली. तेव्हा हसून मान हलवली, इथे स्पष्ट लिहिते, मला हे मान्य नाही. मामांचा गोळी वाजल्यावरचा चेहरा मी बघितलाय. भुवई वर जायची आणि ओठ जरासे पुढे यायचे. तो चेहरा तुम्हाला दाखवता आला असता तर आत्ताची फिल्म मी एका मिनिटात देऊन टाकली असती. जे केलं ते उरलेल्यातून केलं आणि त्यात खोटं काही घातलं नाही, इतकंच मी म्हणेन. त्या ज्युनिअरला हेच सांगायचं राहिलं होतं, की कार्ड मिळालं तर उत्तमच, पण नाही मिळालं तर कुणी तुला यातही काहीतरी चांगलं शोध म्हणून घाई करेल, त्याचं लगेच ऐकू नको. दोन दिवस वाईट वाटून घे. मग उरलेलं सगळं टेबलावर मांड, आवाज, लॉग, फोटो, फोनमधले तुकडे, आणि ज्यांचं शूट केलंस त्यांना फोन कर.

आणि कार्ड तपासून घ्या रे सगळ्यांनी. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३, दोन्ही फुकट आहेत, आख्खं कार्ड भरून परत वाचून बघतात आणि खरी जागा किती ते सांगतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. भाड्याचं असो, नवीन असो, सीलबंद असो. शूटवर एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा छोटी तीन-चार घ्या, आणि जेवायच्या सुट्टीत एखादी क्लिप लॅपटॉपवर खरोखर चालवून बघा, यादी बघून समाधान मानू नका. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर, हा नियम फोटोवाल्यांमध्ये जुना आहे, आपल्याकडे दरवर्षी नवीन बॅचला जागा हवी म्हणून आधीच्यांच्या हार्डडिस्क पुसल्या जातात, आणि ते मला नकली कार्डापेक्षा कमी वाईट वाटत नाही.

दिवाळी झाल्यावर गुऱ्हाळ परत सुरू झालं तेव्हा आम्ही लॅपटॉप घेऊन मामांना फिल्म दाखवायला गेलो. हेडफोन नको म्हणाले, स्पीकर लावला. दुपारचा भाग त्यांनी चहा पीत, शेजारच्याशी बोलत बघितला. रात्र सुरू झाल्यावर बोलणं थांबलं. गोळी वाजली, मामा म्हणाले, झाला, आणि लगेच फिल्ममधले मामा ओरडले, उतरा!

"हितलं मधलं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं. मी लांबी बसवायला मधला वेळ काढला होता, त्यात नुसती फदफद होती, कुणी काही बोलत नव्हतं. मामा म्हणाले, गोळी वाजली म्हणून लगेच उतरत नसतंय, गोळी सांगते पाक आला, पण जाळ वडल्यावर काहील शांत कशी होतीया ते ऐकायचं आणि मग उतरायचं. "तेवढं घाल बघ परत."

घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग काढलं, तो वेळ होता तसा पूर्ण परत घातला, रिकाम्या काहिलीचा शॉट तेवढा लांबवला. नवीन कॉपी मामांच्या मुलाला पाठवली, त्याचा आता बरोबर म्हणाले असा मेसेज आला. डिपार्टमेंटच्या कपाटात आहे ती जुनीच आहे, सबमिशनची. कुणाला बघायची असेल तर ती काढू नका, माझ्याकडे मागा.